वस्त्रगाळ काच

माझ्या तळपायांना कमान नाही. साताऱ्याला सैन्यभरती होती तेव्हा तिथल्या डॉक्टरनं मला पाय ओले करून फरशीवर उभं केलं, उमटलेल्या ठशाकडे एकदा बघितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. दुसरं महायुद्ध चालू होतं. आमच्या आळीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातून कोणी ना कोणी गेलेलं होतं. माझा थोरला भाऊ आफ्रिकेच्या वाळवंटात होता. वडील पहिल्या लढाईचे पेन्शनर. मला घरात कोणी काही बोललं नाही. वडील तर इतके दिवस काही बोलले नाहीत, की शेवटी आईनं मला सांगलीला तिच्या भावाकडे धाडून दिलं.

म्हणजे भाऊ वाळवंटात लढत होता तेव्हा मी सांगलीत लाकडी वाडगे घासत होतो. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो. आधी सांगून टाकलं की बरं वाटतं.

मामांच्या घरात जमीन थोडी आणि भाऊ पुष्कळ, म्हणून त्यांनी तरुणपणीच लाकूड कातायचं काम शिकून घेतलं होतं. घराच्या पुढच्या सोप्यात त्यांचा चरक होता. पायानं पट्टी दाबली की चाक फिरायचं, चाकाबरोबर लाकूड फिरायचं, आणि मामा त्याला हत्यार टेकवून लाटणी, खाटेचे पाय, वाडगे असं काय काय काढायचे. कातणं त्यांचं आणि घासणं माझं, अशी वाटणी होती. घासण्यात शिकण्यासारखं काय असतं, असं मला आल्या दिवशी वाटलं होतं. त्याबद्दल मी मामांची मनातल्या मनात अनेकदा माफी मागितली आहे.

कातलेल्या लाकडावर हत्याराच्या रेघा राहतात. त्या घालवायला जाड काचकागद लावायचा. मग जाड कागदाच्या रेघा राहतात. त्या घालवायला त्याहून बारीक, त्याच्या रेघा घालवायला त्याहून बारीक. म्हणजे आपण वाडगा गुळगुळीत करत नसतोच. आपण दर वेळी आपलीच आधीची रेघ पुसत असतो. माझ्या स्वभावाला इतकं जुळणारं काम मला पुढं आयुष्यात मिळालं नाही.

मामांची एकच अट होती. मधला कागद गाळायचा नाही. जाडावरून एकदम बारकावर उडी मारली तर वाडगा चमकतो, पण जाडाची रेघ खाली तशीच राहते. बारीक कागद तिच्या अंगावरून नुसता फिरतो. ‘वर साय, खाली पाणी,’ असं मामा त्याला म्हणत. शिवाय कोरा कागद लगेच वाडग्याला लावायचा नाही. आधी फुटक्या पाटावर चार हात मारून त्याची धार मोडायची. ‘नवा कागद आन् नवा जावई सारखाच,’ ते म्हणत. ‘आदी जरा झिजवायचा, मग घरात घ्यायचा.’ हे ते माझ्याकडे न बघता म्हणत. मी लहानपणी सुट्टीत यायचो तेव्हा माझ्याकडे बघून म्हणत असत.

आमच्या बाजूला मामाची मुलगी भाच्याला द्यायची ही रीतच आहे. कोणाला ठरवावं लागत नाही, कोणी मोडलं तर मात्र ठरवून मोडावं लागतं. आम्ही दोघं लहान असताना सगळे तसंच धरून चालले होते. माझ्या पायांचा ठसा फरशीवर उमटल्यापासून तो विषय कोणी काढेना. मला त्यात कोणाची चूक दिसत नव्हती. रीतीचा हक्क सांगून मुलगी मागावी असं माझ्यात काही नव्हतं. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही.

त्या हिवाळ्यात हळदीच्या पेठेतल्या एका अडत्यानं दोन डझन वाडगे सांगितले. गिऱ्हाइकाला हळदीचा रंग दाखवायचा तर हळकुंड फोडून, कुटून, ती पूड वाडग्यात घालून पुढं करतात. त्याच्या जुन्या वाडग्यांना आतून ओरखडे होते. एका मालाची पूड ओरखड्यात बसायची आणि पुढच्या मालाच्या रंगात मिसळायची, त्यावरून पेढीवर वाद व्हायचे. त्याला असे वाडगे हवे होते की फडकं फिरवलं की स्वच्छ. मामांनी शिवणीचं लाकूड आणलं. ते गोऱ्या रंगाचं असतं, त्यात काही लपत नाही. परीक्षाही त्यांनी ठरवून टाकली. घासून झालेल्या वाडग्यात चिमूटभर हळद चोळायची आणि पुसायची. रेघ पिवळी दिसली की वाडगा परत माझ्याकडे.

अडचण कागदाची होती. लढाईच्या आधी विलायती काचकागद नंबरवार मिळायचा, शून्यापासून तीनपर्यंत, मध्ये दीड आणि अडीचसुद्धा. आता दुकानात नुसता जाड उरला होता. दुकानदार सांगायचा की बारीक सगळा सरकारनं नेला. सरकार त्यानं काय घासत होतं कोण जाणे.

मग मामांनी कागद घरीच करायचं ठरवलं. औषधाच्या आणि सोड्याच्या फुटक्या बाटल्या गोळा करायच्या, काच उखळात कुटायची, चाळायची, आणि जाड कागदावर गरम सरस लावून त्यावर ती भुरभुरायची. नंबर पाडायला नंबर नव्हते, म्हणून चाळण्या घेतल्या. पहिल्या चाळणीवर राहील ती भरड. मग रवा. मग पीठ. आणि धोतराच्या फडक्यातून गळेल ती वस्त्रगाळ. मामीनं या चाळण्यांना लाल चिंधी बांधली आणि त्यातली एक जरी स्वयंपाकघरात दिसली तर आपण माहेरी जाऊ असं सांगून ठेवलं. तयार कागद चार पत्र्याच्या डब्यांत जायचा, एकेका जातीचा एकेक डबा.

काच कुटायचं आणि चाळायचं काम मामांच्या मुलीकडे आलं. मागच्या अंगणात तोंडावर पदर घट्ट बांधून ती बसायची. माझ्याशी ती थेट बोलत नसे. मी समोर उभा असलो तरी ‘आई, त्यान्ला सांग पीठ संपलं’ असं म्हणायची, आणि मामी चुलीपाशी असल्यामुळे तिला ते ऐकूही जात नसे. मी ऐकून परत जायचो.

पहिले चार-सहा वाडगे झाले असतील तेव्हा जेवताना मामांनी सांगितलं की मलकापूरहून स्थळ आलं आहे. घरचा ऊस, विहीर, मुलगा पलटणीत, होळीपर्यंत रजेवर. त्याच्या तळपायांबद्दल ते काही बोलले नाहीत, पण मला दिसले. अर्धं काम टाकून दुसऱ्याला हात घालायचा नाही हा मामांचा नियम इथंही होता. ते म्हणाले, ‘हे वाडगे अडत्याच्या पेढीवर पोचले की मी मलकापूरला जाऊन पक्कं करून येतो.’

मामीनं मला विचारलं, भात वाढू का. मी नको म्हणालो. मग हो म्हणालो, कारण नको म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं.

तेव्हापासून माझी स्थिती अशी झाली की वाडगा चांगला घासला की मलकापूर एका वाडग्यानं जवळ यायचं. आणि वाईट घासणं मला जमत नव्हतं. मी प्रयत्न केला नाही असं म्हणणं खोटं होईल. एकदा मी ठरवून रव्यावरून एकदम वस्त्रगाळावर गेलो. त्या वाडग्याकडे मी थोडा वेळ बघत बसलो आणि मग पीठ घेऊन सगळा पहिल्यापासून घासला. अडत्यानं माझं काही वाईट केलं नव्हतं.

एके दिवशी वस्त्रगाळाच्या डब्यातला कागद हातात घेतला आणि सवयीप्रमाणे त्यावर बोट फिरवलं, तर मधोमध एक कण लागला. रव्याचा होता. असा एक कण बारीक कागदात राहिला तर फिरत्या वाडग्यावर अख्खं कडं काढतो. मी तो नखानं काढला. मग मला वाटलं, फडकं कुठंतरी उसवलं असणार आणि बिचारीला कळलं नसणार. तो कण बोटावर धरून मी मागच्या अंगणात गेलो. तिला दोष लागू नये अशा बेतानं, शक्य तितक्या हळू, मी म्हणालो, ‘फडकं एकदा उजेडात धरून बघा. वस्त्रगाळात रव्याचा कण आला होता.’

तिनं चाळणं थांबवलं. माझ्या बोटाकडे बघितलं. तोंडावरचा पदर खाली केला.

‘आला न्हवता,’ ती म्हणाली.

आईला न सांगता ती माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. मी ‘बरं’ म्हणालो आणि सोप्यात येऊन पुन्हा कामाला बसलो. दोन वाडगे घासून झाल्यावर मला कळलं, की आला नव्हता म्हणजे घातला होता.

कळल्यावर मी काय केलं ते नीट सांगायला हवं, कारण त्यात माझा अपराध किती आणि किती नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो कण मी परत लावू शकत नव्हतो. मुद्दाम ओरखडा पाडणं माझ्यानं झालं नसतं. पण ओरखडा शोधणं हे तर माझं कामच होतं. मी एक झालेला वाडगा उचलला, दारातल्या तिरक्या उजेडात धरला आणि मामांना म्हणालो की वस्त्रगाळानंतरही रेघा राहतात.

मामांनी वाडगा घेऊन बघितला. चोळलेल्या हळदीची खूणसुद्धा त्यात नव्हती. ‘मला तर दिसत न्हाई,’ ते म्हणाले.

मी म्हणालो, आहेत. आणि खरंच होत्या. फार बारीक होत्या, श्वास धरून बघितल्या तर दिसायच्या, पण होत्या. नसत्या तर मी बोललो नसतो. मात्र मलकापूरचं स्थळ नसतं तर मी श्वास धरला असता का, ते मी सांगू शकत नाही.

आतून ती मोठ्यानं म्हणाली, ‘आई, त्यान्ला सांग, निवळ काढली तर त्याच्याबी खालचा कागद हुईल.’

निवळ म्हणजे असं. वस्त्रगाळ काच घागरभर पाण्यात ढवळायची. जाड असेल ते आधी तळाला बसतं. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि तसंच ठेवायचं. त्याच्या तळाला बसते ती काच अशी की चिमटीत कळत नाही. पण ती बसायला रात्र जाते, वाळायला दोन दिवस जातात, आणि घाई करून काही उपयोग नसतो. मामा नाही म्हणू शकले नाहीत. मधला कागद गाळायचा नाही, हा नियम त्यांचाच होता.

पाचवा डबा आला. काही दिवसांनी, पहिल्या निवळीनंतरही काही राहतं असं मला दिसू लागलं, आणि आतून मामीला सांगण्यात आलं की निवळीचं वरचं पाणी पुन्हा निवळायला ठेवता येतं. सहावा डबा आला. मी सगळे वाडगे पहिल्यापासून पुन्हा घेतले, कारण काही सहा कागदांचे आणि काही चार कागदांचे असं अडत्याला देणं बरोबर नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांशी यावर एक शब्दही बोललो नाही. मी डबा रिकामा करून अंगणाच्या उंबऱ्यावर ठेवायचो आणि तो भरून परत यायचा. इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता, आणि त्या आनंदाची मला सारखी लाज वाटत होती. मलकापूरचा मुलगा रजेचे दिवस घालवत बसला असेल, हे माझ्या डोळ्यांपुढून जात नसे. पुढं कितीतरी वर्षांनी तो मला कऱ्हाडच्या स्टँडवर भेटला तेव्हा मी त्याची माफी मागितली. त्यानं विचारलं, कशाची. मी सांगितलं. त्याला आठवलं नाही. त्यानं मला उसाचा रस पाजला.

यानंतर मी केलं ते मात्र उघडउघड जास्त होतं. मी मामांना म्हणालो की शेवटचा हात खरवतीच्या पानाचा हवा. खरवत नावाचं झाड असतं, त्याचं पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत असतं, जुने लोक लाकूड घासायला तेच वापरत. ते सांगलीत मिळत नाही, साताऱ्याच्या वरच्या अंगाला घाटात मिळतं. मामा म्हणाले, ‘जा मग.’ माझ्याकडे न बघता म्हणाले.

साताऱ्याला वडील अंगणात बसले होते. मी पानांसाठी आलो आहे हे ऐकून त्यांनी विचारलं, कागद कशावर चिकटवता. मी म्हणालो, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर, पण तो मोडतो. ते आत गेले आणि त्यांची खाकी विजार घेऊन आले. पहिल्या लढाईतली होती. माझ्या हातात दिली आणि म्हणाले, कापड टिकाऊ आहे. ती विजार फ्रान्समधून सुखरूप परत आली होती, आणि सांगलीत मी तिचे वीतभर चौकोन कापले.

पानं घेऊन मी परत आलो त्या दिवशी मामा पेठेतून आले. अडत्याचा हंगाम सुरू झाला होता. त्यानं वाट बघितली, मग बाजारातून पितळी वाट्या आणल्या आणि मामांना निरोपही दिला नाही. मामांना पेढीवर जाऊन बघावं लागलं.

ते हे सगळं मामीला सांगत होते आणि मी सोप्यात पानांचा भारा घेऊन उभा होतो. मामांनी शिवण विकत आणली होती, सगळा हिवाळा चरक मारला होता, आणि त्यांना उभ्या पेठेत खाली बघायला लावलं ते मी. तो अडत्या मामांकडे पुन्हा कधी काम घेऊन आला नाही. मी भारा खाली ठेवला.

‘मामा, वाडगे तयार होते,’ मी म्हणालो. ‘केव्हाच.’

मामा वहाणा काढत होते. ‘ठावं हाय.’

‘उशीर मी केला.’

‘तू?’ त्यांनी वर बघितलं. ‘तुझ्यात येवढं डोकं असतं तर मी काळजी कशापायी केली असती?’

मग ते खाटेवर बसून बोलू लागले, माझ्याशी कमी आणि भिंतीशी जास्त. ते ज्याच्याकडे कातकाम शिकले त्या म्हाताऱ्यानं राजाच्या देवघरासाठी काम केलं होतं आणि त्यालाही चार कागद पुरले होते. पाचवा डबा आला त्याच दिवशी त्यांना समजलं होतं. दोघांपैकी एक जण तोंडानं काहीतरी बोलेल म्हणून ते वाट बघत राहिले. एक काच निवळत बसली आणि एक झाडाची पानं आणायला गेला. अडत्या कंटाळला यात त्याचा काय दोष, ते स्वतःही कंटाळले होते.

शेवटी ते म्हणाले, ‘उद्या मलकापूरला जातो.’

मी मान खाली घातली. माझ्या मनात आलं ते मी प्रामाणिकपणे बोललो. म्हणालो की वाडगे आता पडूनच आहेत, तर ते तिच्या लग्नात द्यावेत. मलकापूरच्या लोकांना आवडतील. पानाचा शेवटचा हात मी उद्या मारून ठेवतो.

‘जाऊन सांगून येतो रं,’ मामा म्हणाले, ‘पोरगी दिल्याली हाय म्हणून.’

‘कुणाला?’ मी विचारलं.

आत काहीतरी पत्र्याचं खाली पडलं आणि गडगडत गेलं. ते थांबलं. मग मामीचा आवाज आला.

‘आवं, ह्याच्यावर आजून एक हात फिरवा. भरडीचा.’

लग्न वैशाखात झालं. आमच्यात नवऱ्याला आधी हळद लावतात आणि त्याची उष्टी हळद नवरीकडे पाठवतात. ती त्याच वाडग्यांतल्या एकातून गेली. मला हळद लावत होते तेव्हा वाडगा माझ्या गुडघ्याशी होता, आणि दुसरं काही करायला नव्हतं म्हणून मी त्यात बघत होतो. काठाच्या खाली, आतल्या अंगाला, केसाएवढी बारीक पिवळी रेघ होती. सबंध गोल फिरलेली. चार कागद, दोन निवळी आणि खरवतीचं पान, इतकं होऊनही ती राहिली होती. माझ्या पहिल्या दिवसांतली असणार, घासण्यात शिकण्यासारखं काय असतं असं वाटत होतं तेव्हाची. मी अंगठ्यानं ती पुसायला गेलो, तर कुणीतरी हातावर चापट मारली आणि वाडगा उचलून तिच्याकडे नेला.

ती रेघ माझ्या मनातून जाईना. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, त्याच वाडग्यात आमच्या घरी मीठ असायचं तेव्हा, मी बायकोला एकदा विचारलं, हळदीच्या दिवशी तिनं ती बघितली होती का.

‘बघितली की,’ ती म्हणाली.

‘मग बोलली नाहीस ते?’

‘बोलले असते तर तुमी पुसायला बसला असता.’ तिनं चिमूटभर मीठ घेऊन आमटीत टाकलं. ‘पुन्यांदा काच कोण कुटणार?’